आधी खाच, मग पेचकस : बंदुकीच्या स्क्रूंसाठी काय करावे, काय टाळावे

नगर जिल्ह्यात घरातली बंदूक म्हणजे बहुतेक वेळा बारा बोअर. एकनळी नाहीतर दुनळी, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे, दर वेळी नवा परवाना काढून आलेली. अशा बंदुकीची नळी साधारण शाबूत असते. लाकडी दस्त्यावर चार ओरखडे असतात, ते वयाला शोभतात. वाट लागलेली असते ती स्क्रूंची. खाचेच्या कडा उचललेल्या, एका बाजूने डोकं सोललेलं आणि शेजारच्या पोलादावर घसरलेल्या टोकाची लांब रेघ. हे काम गोळीचं नाही की गंजाचं नाही. ते घरातल्या ड्रॉवरमध्ये टेस्टर, मेणबत्ती आणि फ्यूजच्या तारेसोबत पडलेल्या स्क्रूड्रायव्हरचं असतं.

याच नगर शहरात १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमीने ‘मलिक-ए-मैदान’ ओतली. सुमारे पंचावन्न टनांची ती तोफ आता विजापूरच्या बुरुजावर आहे. तिला एकही स्क्रू नाही, म्हणून तिच्याबाबतीत ही चिंता कुणाला करावी लागली नाही. शहरात चिलखती दलाचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे. तिथल्या शस्त्रकारागिरांकडे त्यांची हत्यारं आणि पुस्तिका आहेत, त्यांना ही यादी लागणार नाही. ही यादी परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्यासाठी आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरासाठी आहे. बंदूक दुरुस्तीला टाकताना समोरच्या टेबलावरची हत्यारं बघून काही अंदाज बांधू पाहणाऱ्या मालकासाठीही आहे.

हात लावण्याआधी

टाळावे : परवान्यावर बंदूक आहे म्हणजे ती उघडायचाही परवाना आहे, असं समजणं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे कलम मोडण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. मालकाने नळी पुसावी, बाहेरून तेलाचं फडकं फिरवावं, कपाटात नीट ठेवावी. लॉक उघडणं, चापाचा भार कमी-जास्त करणं, मोडलेली स्प्रिंग बदलणं ही परवानाधारक कारागिराची कामं. मालकाला चांगला स्क्रूड्रायव्हर ओळखता यावा तो त्या कारागिराला पारखण्यासाठी.

टाळावे : स्क्रू किंवा लॉकचा भाग नागापूर एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे टाकून येणं. कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रातच मोडतात. नवा स्क्रू कातायचा असेल तर तो परवानाधारकाने स्वतःच्या जागेत कातावा. लेथवाला कितीही जवळचा असला तरी त्याला या भानगडीत ओढू नये.

करावे : बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघावा, मग हत्यारांचा डबा उघडावा. यावर जास्त बोलायची गरज नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

करावे : ठाण्यातून परत आलेली बंदूक आधी नुसती बघावी. निवडणूक आली की बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये तर मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, अशा एकाच वर्षात दोन आचारसंहिता झाल्या. जमा असताना तेल सुकतं आणि खाचांत धूळ बसते. मालकाला वाटतं, काहीतरी अडकलंय, स्क्रू सैल करून बघू. तो मोह आवरावा. निम्म्या वेळा पुसणं आणि थेंबभर तेल एवढंच लागतं.

खाच मोजताना

सगळी गोम इथे आहे. बाजारातला साधा चपटा स्क्रूड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. पाचर खाचेत शिरते, पण तळापर्यंत पोचत नाही. ती फक्त खाचेच्या वरच्या दोन कडांवर टेकते. पिळ दिला की सगळा जोर त्या दोन कडांवर येतो आणि पाचरीचा उतार टोकाला वर ढकलतो. हात घसरतो, कड उचलली जाते, डोकं सोललं जातं. कारागीर म्हणतो, स्क्रू मऊ होता. स्क्रू ठीक होता, टोक चुकीचं होतं.

बंदुकीला हवं ते समांतर बाजूंचं टोक. इंग्रजीत त्याला ‘हॉलो ग्राउंड’ म्हणतात. दोन्ही अंगांनी आतल्या बाजूला हलकी खोलगट घासलेली पात, आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरळ. असं टोक खाचेच्या तळाला टेकतं, दोन्ही भिंतींना पूर्ण उंचीभर चिकटतं आणि जोर भिंतभर वाटला जातो.

करावे : फीलर गेज घ्यावा. मोटारसायकलचे टॅपेट लावायला गॅरेजवाले वापरतात तोच, पातळ पोलादी पानांचा जुडगा. खाचेतली धूळ लाकडी काडीने काढून एकेक पान घालून बघा. जे पान न अडखळता पण न डुगडुगता आत जातं, ती खाचेची रुंदी. मग व्हर्नियरने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाची जाडी मोजा. टोक खाचेपेक्षा पाच शतांश मिलिमीटरने कमी असलं तर छान, एक दशांशने कमी असेल तर दुसरं टोक शोधा.

करावे : टोकाची रुंदी डोक्याच्या व्यासाइतकी, किंवा केसभर कमी. बंदुकीचे बरेच स्क्रू पोलादात किंवा लाकडात बुडवलेले असतात. टोक जास्त रुंद झालं तर ते फिरताना भोवतालच्या नक्षीवर गोल ओरखडा काढतं. फार अरुंद असलं तर खाचेच्या मधोमधच जोर पडतो.

करावे : उजेडाची परीक्षा. टोक खाचेत ठेवून बंदूक खिडकीकडे धरा आणि डोळा खाचेच्या टोकाला आणा. पात आणि भिंत यांच्यामध्ये तळापासून वरपर्यंत उजेडाची फट दिसायला नको. खाली अंधार आणि वर उजेड असेल तर खोलगट घास टोकाच्या फार जवळ आली आहे. वर अंधार आणि खाली उजेड म्हणजे पाचर. दुसरी परीक्षा आणखी सोपी : नीट बसलेला स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा करून हात सोडला तर तो लगेच कलत नाही.

टाळावे : आकड्यांवर विश्वास ठेवून न मोजता घेणं. स्क्रूड्रायव्हरची मापंही ठरलेली असतात. आपल्याकडे आयएस ८४४ हे मानक आहे, बाहेर आयएसओचं. त्यात ०.८ बाय ४, १.० बाय ५.५, १.२ बाय ६.५ मिलिमीटर अशा जोड्या येतात. त्या जोड्या कारखान्यात बनणाऱ्या साध्या स्क्रूंच्या हिशेबाने आहेत. जुन्या हातकामाच्या बंदुकीत डोकं मोठं आणि खाच मात्र बारीक असते. रुंदीला जुळणारं टोक घेतलं तर जाडी जास्त होते, जाडी जुळवावी तर रुंदी पुरत नाही. म्हणून या धंद्यात दुकानातला स्क्रूड्रायव्हर हा कच्चा माल समजावा. कारागीर त्याला घासून आपला करतो.

जुन्या स्क्रूंचे आटेही एका घरचे नसतात. विलायती बंदुकांत इंग्रजी आटे, बेल्जियन-स्पॅनिश बंदुकांत त्यांचे वेगळे, आणि काही कारखान्यांचे तर फक्त त्यांचेच. खराब झालेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसेल ही आशा सोडावी. शिवाय या स्क्रूंची बाहेरची कातडी कडक केलेली असते आणि आत मऊ लोखंड असतं. एकदा कड फाटली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तो थोडा थोडा जातच राहतो.

दुकानात

करावे : चार चांगले घ्यावेत, चाळीस नकोत. घोड्याच्या दुनळीला किंवा साध्या बॉक्सलॉकला तीन-चार मापांत सगळं भागतं. एक बारीक, लॉकमधल्या छोट्या स्क्रूंना. एक मधला, ट्रिगर गार्डच्या, लाकडात जाणाऱ्या स्क्रूंना. एक रुंद, खालच्या पट्टीच्या मोठ्या स्क्रूला. आणि ज्या बंदुकीत दस्ता आतून लांब बोल्टने धरलेला असतो तिच्यासाठी एक लांबलचक.

करावे : नाशिकचा टपारिया घ्यायला लाजू नये. १९६९ पासून स्वीडनच्या तंत्राने हातहत्यारं बनवणारी ही कंपनी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली. तिचा क्रोम-व्हॅनेडियम स्क्रूड्रायव्हर नगरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. त्याची पात पाचरी असते हे खरं, पण पोलाद घासायला योग्य असतं. हे मत सगळ्यांना पटणार नाही. माझ्या मते मात्र नीट घासलेला देशी स्क्रूड्रायव्हर न मोजता घेतलेल्या परदेशी संचापेक्षा बंदुकीचं जास्त भलं करतो.

करावे : काम रोजचं असेल तर बदलत्या बिटांचा बंदुकीसाठीचाच संच. अमेरिकेतल्या ब्राउनेल्स या कंपनीचा मॅग्ना-टिप संच जगभरच्या बंदूक कारागिरांत प्रसिद्ध आहे. ही कंपनी १९३९ पासूनची. तिची बिटं आधीच खोलगट घासलेली येतात आणि एकाच रुंदीत अनेक जाड्या मिळतात. खाचेला मापून बिट निवडता येतं, मोडलं तर तेवढंच एक बदलता येतं. महाग आहेत. आठवड्याला एखादी बंदूक येणाऱ्या दुकानाला परवडणार नाहीत, रोज तीन येणाऱ्याला परवडतील.

टाळावे : सूटकेसमधले शंभर तुकड्यांचे संच. त्यात ‘प्लस’ची टोकं साठ, ‘मायनस’ची आठ, आणि ती आठही पाचरी. पोलाद मऊ असतं, पहिल्याच जोरात टोक पिळवटतं आणि जाता जाता खाच घेऊन जातं. एका बिटाचा धारकात किती खेळ आहे ते हलवून बघा. जो खेळ धारकात, तोच खाचेत.

टाळावे : टेस्टर. आपल्याकडे घराघरात टेस्टर हाच स्क्रूड्रायव्हर. त्याची पात विजेच्या पट्टीवरचे स्क्रू फिरवायला केलेली असते आणि मूठ पोकळ. बंदुकीजवळ तो दिसला तर बंदूक परत घेऊन घरी यावं. खरंच.

टाळावे : चारतोंडी, बॅटरीचा, ड्रिलमध्ये बसवायचा. यंत्राला खाचेची चाहूल लागत नाही, हाताला लागते. स्क्रू सुटण्याआधी जो बारीक ‘टक्’ होतो तो मनगटाला कळावा लागतो.

करावे : मूठ बघून घ्यावी. पिळाची ताकद मुठीच्या जाडीतून येते, दांडीच्या लांबीतून नाही. लांब दांडीचा उपयोग वेगळा आहे : हात थोडा कललाच तर टोकाशी कल कमी येतो. जुन्या विलायती कारागिरांचे स्क्रूड्रायव्हर चपट्या, फुगीर लाकडी मुठीचे असत, ते याच कारणाने. तळव्यात भरून बसणारी मूठ घ्या. मुठीखाली पान्हा लावता येईल असा षटकोनी भाग असेल तर फारच छान, अडकलेल्या स्क्रूला तो देवासारखा धावून येतो.

टाळावे : पारदर्शक पिवळ्या प्लास्टिकची मूठ थिनर किंवा ॲसिटोनजवळ ठेवणं. हे प्लास्टिक बहुतेक वेळा सेल्युलोज ॲसिटेटचं असतं. ॲसिटोनने ते मऊ होऊन चिकट पडतं आणि मग हाताला धरवत नाही.

चुंबकी टोकाबद्दल कारागिरांत दोन तट आहेत. बारीक स्क्रू उचलायला ते सोयीचं, यात वाद नाही. पण कानशीचा कीस जिथे उडतो त्या टेबलावर चुंबकी टोक तो कीस गोळा करून थेट लॉकमध्ये नेतं. उचलण्यासाठी वेगळा चुंबक ठेवावा आणि स्क्रूड्रायव्हर साधा असू द्यावा, असं माझं मत.

घासून बसवताना

कारागिरी इथे दिसते. आयटीआयचा फिटर झालेला मुलगा हे दोन दिवसांत शिकतो. फक्त त्याला घाई नको.

करावे : ग्राइंडरच्या चाकाचा गोलवा वापरावा. सहा इंची चाक पुरतं. पात चाकावर सपाट टेकवली की चाकाचाच बाक पातीत उतरतो आणि आपोआप खोलगट घास येते. आधी एक अंग, मग दुसरं, पुन्हा पहिलं. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात, नाहीतर टोक दांडीच्या मध्यरेषेवर राहत नाही आणि फिरवताना लंगडतं. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर चाकावर नेऊच नयेत. ते तेलाच्या दगडावर, पात सपाट धरून, हळूहळू खाचेच्या मापाला आणावेत. दर चार-पाच घासण्यांनी व्हर्नियर.

टाळावे : टोक निळं होऊ देणं. पोलादाला पाणी दिलेलं असतं. घर्षणाने ते तापलं की पृष्ठावर रंग चढत जातात : आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. निळा दिसला म्हणजे टोकाची कडकी गेली. असं टोक पुढच्या जोराला वाकतं. उपाय साधा आहे. हातमोजे न घालता घासा आणि बोट चाकाजवळ पातीवरच ठेवा. बोटाला सोसेना की पाण्यात बुडवा. बाजूला पाण्याची बादली नसेल तर ग्राइंडर सुरूच करू नका. चष्मा मात्र घालाच.

करावे : निळं झालेलं टोक कापून टाकावं. तेवढा भाग मागे घासून नव्या पोलादावर पुन्हा सुरुवात करावी. निळा रंग एमरीने पुसून टोक चकचकीत करणारे असतात. रंग जातो, कडकी परत येत नाही.

करावे : टोकाचा शेवट काटकोनात. खाचेच्या तळाला टोक सरळ टेकायला हवं. गोल झालेलं टोक तळावर झुलतं. कोपरे मात्र अगदी धारदार ठेवू नयेत. दगडावरून एकदा हलका हात फिरवला की पुरे, नाहीतर कोपरा भिंतीत रुततो.

करावे : आधी भंगारावर सराव. मऊ लोखंडाचा बोल्ट घ्या, हॅकसॉने त्याच्या डोक्यावर खाच पाडा, शेगड्यात पक्का पकडा आणि नव्या टोकाने पूर्ण जोर लावा. टोक वाकलं तर मऊ आहे, तुकडा उडाला तर फार कडक आहे किंवा घासताना चिरलं आहे. दोन्ही गोष्टी बंदुकीवर कळण्यापेक्षा बोल्टवर कळलेल्या बऱ्या. हॅकसॉची खाच बंदुकीच्या खाचेपेक्षा बरीचदा रुंद असते. हवं तर सरावाची खाच बारीक कापणीच्या कानशीने पाडावी.

टाळावे : एकच टोक सगळ्या बंदुकांना. एका दुनळीसाठी घासलेला स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या दुनळीला बसेलच असं नाही. चांगल्या दुकानात मुठीवर रंगाची खूण किंवा चिठ्ठी दिसते : कुठली बंदूक, कुठला स्क्रू. अशा चिठ्ठ्या दिसल्या तर निश्चिंत मनाने बंदूक तिथे ठेवावी.

फिरवताना

करावे : बंदूक नीट पकडावी. शेगड्याच्या जबड्यांना चामडं किंवा जाड बनात लावावं. मांडीवर बंदूक आणि एका हातात स्क्रूड्रायव्हर, असं बसून केलेलं काम रेघ ओढूनच थांबतं.

करावे : आधी दाबावं, मग पिळावं. दाब तीन हिस्से, पिळ एक हिस्सा. स्क्रू सुटायला लागला की दाब कमी, पिळ तेवढाच. दांडी खाचेला लंब राहते आहे की नाही हे दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगावं, स्वतःला ते दिसत नाही.

करावे : खाचांची दिशा टिपून ठेवावी. चांगल्या जुन्या बंदुकीत वरून दिसणाऱ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत असतात. बनवणाऱ्याने प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेत, पूर्ण कसल्यावर खाच सरळ येईल असा बसवलेला असतो. म्हणून दोन सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंची अदलाबदल करून चालत नाही. पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. शिवाय कसताना खाच रेषेत आली की थांबावं, ती पुढे नेली तर आटे ओढले जातात. जुनी बंदूक विकत घेतानाही हीच खूण बघावी. खाचा वेड्यावाकड्या दिशांना असतील तर ती आधी कुणीतरी उघडली आहे.

टाळावे : लाकडात जाणारा स्क्रू ताकद लावून कसणं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरच्या पावसात राहणारी बंदूक आणि पाथर्डी-जामखेडच्या कोरड्या वाऱ्यात राहणारी बंदूक एकाच मापाने कसून चालत नाही. जुलैत फुगलेल्या लाकडावर पूर्ण कसलेला स्क्रू मार्चमध्ये सैल होतो. मग मालक तो पुन्हा कसतो, आणि पुढच्या जुलैत लाकूड चिरतं.

टाळावे : .३०३ चा दस्त्याचा बोल्ट पुढचं लाकूड न काढता फिरवणं. ही रायफल नागरिकांच्या घरी नसते. पण पोलिस दलात ती वर्षानुवर्षे होती, आणि जुन्या रायफली हाताळणारे शस्त्रकारागीर आहेत म्हणून लिहितो. लांब स्क्रूड्रायव्हर दस्त्याच्या मागून आत जातो आणि बोल्टला लागतो. पण त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते आतून चिरतं. आधी पुढचं लाकूड, मग बोल्ट.

स्क्रू हलतच नसेल तर

करावे : तेलाला वेळ द्यावा. गंज आत शिरवणारं तेल दोन थेंब, आणि रात्रभर तसंच. ते नसेल तर रॉकेलही चालतं. सकाळी हलकेच दाबून बघा, नाही तर पुन्हा दोन थेंब. अकोल्याच्या बाजूच्या बंदुकांना तीन रात्री लागल्या तरी नवल नाही. नगर-श्रीगोंद्याकडच्या बंदुकांत बहुतेक वेळा गंज नसतोच, सुकून गोंद झालेलं तेल आणि धूळ असते. तिथे खाच साफ केली की निम्मं काम झालं.

करावे : टोक खाचेत धरून मुठीवर हलका ठोका. लाकडी हातोडीने, दांडी उभी ठेवून. ठोक्याने आटे हादरतात आणि गंजाची पकड सुटते. टोक फुटेल असा ठोका नको. पितळी दांडीने शेजारी ठोकणारेही आहेत, पण नक्षीकाम असेल तर त्यांना आवरावं.

करावे : सोल्डरिंग आयर्न वापरावं. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं साठ वॉटचं आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवलं की स्क्रू तापून फुगतो, थंड होताना आकसतो आणि आट्यांतली पकड ढिली होते. उष्णता डोक्यापुरतीच राहते, भोवतालचं लाकूड किंवा निळा लेप जळत नाही.

टाळावे : गॅसची ज्योत. लॉकच्या स्प्रिंगा आणि कडक केलेले भाग ज्योतीने मऊ पडतात, आणि नळ्या जिथे जोडलेल्या असतात तिथलं डागकाम वितळतं. बाहेरून काहीच दिसत नाही. धोका आत राहतो.

टाळावे : छिन्नीने डोकं फिरवणं. हा इलाज पाण्याच्या पंपावर चालतो.

करावे : सोललेली खाच सावरावी. उचललेली कड छोट्या, चकचकीत तोंडाच्या हातोडीने हळूहळू खाली बसवावी, मग खाचेच्या पातळ कानशीने भिंती पुन्हा सरळ कराव्यात. खाच आता आधीपेक्षा थोडी रुंद झालेली असते, म्हणून तिच्यासाठी वेगळं टोक घासावं. या कामाला अर्धा दिवस जातो आणि कारागीर त्याचे पैसे लावतो. मालकाने घासाघीस करू नये.

एअर रायफलसाठी थोडंसं

२०१६ च्या शस्त्र नियमांनी ठरलेल्या मर्यादेतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावीही नेमबाजी शिकणारी पोरं दिसतात. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य आणल्यापासून तर विचारायला नको. इथे खाचा कमी आणि षटकोनी ॲलन स्क्रू जास्त.

करावे : ॲलन कीचा चांगला संच घ्यावा. कोपरे गोल झाले की ती की फेकून द्यावी. कसण्याचं माप निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावं आणि टॉर्क दाखवणारा स्क्रूड्रायव्हर वापरावा. प्रत्येक वेळी कमी-जास्त कसलं तर नेम बदलतो.

टाळावे : गोल टोकाच्या ॲलन कीने शेवटचा कस देणं. ती तिरप्या जागी पोचायला ठीक, पण जोरात घसरते. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलचं मागचं झाकण घरी उघडू नये. आत दाबून धरलेली स्प्रिंग असते, ती स्क्रूड्रायव्हरसकट तोंडाकडे येते.

ठेवणी

करावे : टोकं तेलाच्या फडक्यात, प्रत्येकाला वेगळा खण. महिन्याकाठी एकदा भिंगातून बघावं : कोपरा उडाला आहे का, टोक पिळवटलं आहे का. शंका आली की दगडावर चार हात.

टाळावे : पोराला डबा उघडायला, टीनचं झाकण उचकायला किंवा खिळा काढायला तोच स्क्रूड्रायव्हर देणं. त्यासाठी टेबलाच्या कडेला एक म्हातारा, टोक गेलेला स्क्रूड्रायव्हर दोरीने बांधून ठेवावा. बांधूनच, कारण सुटा ठेवला की तो संध्याकाळपर्यंत चांगल्यांच्या डब्यात जातो.